शिक्षणासाठी कर्ज : अमेरिकेतील सरकारी आणि खासगी सावकारी

(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



अमेरिकेतील विद्यार्थ्यांच्या कर्जाचा विषय आपल्या अभ्यासवर्गात कशासाठी, असा प्रश्न काही तरुण मित्रांनी मला विचारला. प्रश्न रास्त आहे. माझी कारणे दोन. आपल्याकडे उच्च शिक्षणाच्या अर्थव्यवस्थेविषयी जे नवे विचार म्हणून मांडले जातात ते पुष्कळदा तिकडच्या कित्त्यावरून गिरवलेले असतात. तेव्हा मूळ कित्त्याची तिकडे काय गत झाली हे पाहणे आपले काम आहे. दुसरे कारण अधिक निकडीचे आहे. आज तालुक्याच्या गावांतूनही मुले-मुली अमेरिकेला शिकायला जातात, आणि त्यांच्या घरचे वडीलधारे जामिनाचे आणि गहाणखताचे कागद घेऊन तुमच्यासारख्या चार बुके शिकलेल्या कार्यकर्त्याकडे येतात. त्यांना काय सांगायचे, हे आपल्याला कळले पाहिजे.

प्रथम या कर्जाचा आवाका पाहा. तेथील मध्यवर्ती सरकारने, म्हणजे ज्याला तिकडे फेडरल सरकार म्हणतात त्याने, दिलेली विद्यार्थिकर्जे १६०० अब्ज डॉलरांहून अधिक आहेत आणि ती सव्वाचार कोटींहून अधिक माणसांच्या डोक्यावर आहेत. बँका आणि वित्तकंपन्या यांनी दिलेली खासगी कर्जे याखेरीज. पण एकूण कर्जात त्यांचा वाटा दहाव्या हिश्शाहूनही कमी आहे. म्हणजे अमेरिकेत विद्यार्थ्यांचा सर्वांत मोठा सावकार सरकारच आहे. भांडवलशाहीच्या माहेरघरी ही गोष्ट आपल्याला चमत्कारिक वाटेल. ती कशी घडली हे समजल्यावाचून सरकारी आणि खासगी कर्जातील भेदही नीट उमगणार नाही.

अमेरिकेत शिक्षण नेहमीच असे विकत मिळत होते, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. ती चुकीची आहे. १८४७ साली स्थापन झालेल्या न्यूयॉर्कच्या फ्री अकॅडमीतून जे नगर महाविद्यालय आणि पुढे नगर विद्यापीठ उभे राहिले, तेथे १९७६ पर्यंत शहरातील विद्यार्थ्यांना शिक्षणशुल्क नव्हते. गरीब स्थलांतरितांची, विशेषतः ज्यू कामगारांची मुले त्या संस्थेत शिकून शास्त्रज्ञ झाली. कॅलिफोर्नियाने १९६० च्या आपल्या शिक्षण आराखड्यात राज्यातील विद्यार्थ्यांकडून शिक्षणशुल्क घ्यायचे नाही हे तत्त्व कायम ठेवले होते. दुसऱ्या महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी १९४४ साली जो कायदा झाला त्याने लक्षावधी तरुणांची फी आणि निर्वाहखर्च सरकारने उचलला. तो खर्च अनुदानाचा होता, कर्जाचा नव्हता. कृष्णवर्णीय सैनिकांना त्याचा लाभ फार तोकडा मिळाला, हा त्या कायद्याच्या अंमलबजावणीवरील डाग आहे. परंतु सरकारी तिजोरीतून मोठ्या संख्येने पदवीधर घडवता येतात हे अमेरिकेनेच सिद्ध करून दाखवले होते.

कर्जाचा शिरकाव १९५८ साली झाला. रशियाने आदल्या वर्षी स्पुटनिक सोडला होता, आणि त्या धास्तीपोटी संरक्षणाच्या नावाखाली शिक्षणाचा कायदा करून सरकारने थोड्या व्याजाची कर्जे देऊ केली. पुढे ८ नोव्हेंबर १९६५ रोजी अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी टेक्सासमधील आपल्या जुन्या महाविद्यालयात उच्च शिक्षण कायद्यावर सही केली. जॉन्सन यांचा हेतू मी वाईट म्हणणार नाही. ते स्वतः पडेल ते काम करून शिकले होते. पण त्या कायद्याने अशी रचना केली की कर्ज बँकेने द्यावे, हमी सरकारने घ्यावी. कर्ज फिटले तर व्याज बँकेचे. बुडाले तर भरपाई सरकारची. जोखमीवाचून नफा देणारा असा धंदा अर्थशास्त्राच्या कोणत्याही क्रमिक पुस्तकात सापडणार नाही. तो ४५ वर्षे चालला आणि २०१० च्या कायद्याने बंद पडला. तेव्हापासून सरकारी कर्ज सरकार थेट देते.

या मधल्या काळात दुसरी एक हालचाल चालू होती. मिल्टन फ्रीडमन यांनी १९५५ च्या एका निबंधात व्यावसायिक शिक्षण म्हणजे माणसात केलेली भांडवली गुंतवणूक होय, असे प्रतिपादन केले होते. गुंतवणुकीचा लाभ ज्याला, खर्चही त्यालाच, हे त्यातून ओघाने येते. गंमत अशी की ठरावीक हप्त्याचे कर्ज या कामाला योग्य नाही हे फ्रीडमन स्वतःच जाणून होते. शिक्षणाचे फळ अनिश्चित असते आणि गुलामगिरी संपल्यापासून माणूस तारण ठेवता येत नाही. म्हणून विद्यार्थ्याच्या भावी मिळकतीत भागीदारी घ्यावी, असे त्यांनी सुचवले होते. त्यांच्या अनुयायांनी तत्त्व उचलले आणि ही सावधगिरी सोडून दिली. कॅलिफोर्नियात रोनाल्ड रेगन राज्यपाल झाल्यावर १९७० साली विद्यापीठाने शैक्षणिक फी बसवली. त्याच वर्षी रेगन यांचे एक सल्लागार रॉजर फ्रीमन यांनी सुशिक्षित श्रमजीवी वर्ग तयार होण्याचा धोका जाहीरपणे बोलून दाखवला होता. आपण मार्क्सवादी भाषा वापरतो म्हणून आपल्याला नावे ठेवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे की वर्गाची भाषा तिकडच्या राज्यकर्त्यांनाही चांगली येते.

गरीब विद्यार्थ्यांसाठी १९७२ च्या कायद्याने अनुदान सुरू झाले. त्याला पुढे सिनेटर क्लेबोर्न पेल यांचे नाव मिळाले. सत्तरीच्या दशकात या अनुदानातून सरकारी विद्यापीठातील वर्षाच्या खर्चाचा तीन चतुर्थांश भाग निघत असे. आज तिसरा हिस्साही निघत नाही. २०२५-२६ या वर्षासाठी त्याची कमाल रक्कम ७,३९५ डॉलर होती. राज्य सरकारांनी विद्यापीठांवरील खर्चाचा हात आखडला, फी वाढली, अनुदान मागे पडले, आणि मधली दरी कर्जाने भरली गेली. कर्ज घेण्याचा निर्णय विद्यार्थ्याने आपखुशीने केला असे म्हणणे हे दुष्काळात सावकाराच्या दारी गेलेल्या कुणब्याला आपखुशीचा ऋणको म्हणण्यासारखे आहे.

आता दोन्ही कर्जांची घडण पाहू.

सरकारी कर्जासाठी कुटुंबाचे उत्पन्न सांगणारा एक अर्ज दरसाल भरावा लागतो. त्याला फाफ्सा म्हणतात. पहिल्या पदवीच्या विद्यार्थ्याची पत पाहिली जात नाही, जामीन मागितला जात नाही. व्याजाचा दर सरकारी रोख्यांच्या दराला जोडून वर्षावर्षाला ठरतो, पण एकदा घेतलेल्या कर्जाचा दर शेवटपर्यंत बदलत नाही. २०२५-२६ साली तो शेकडा ६.३९ होता. गरजू विद्यार्थ्याच्या कर्जाच्या एका प्रकारात शिक्षण चालू असेतोवर व्याज सरकार भरते. दुसऱ्या प्रकारात व्याज पहिल्या दिवसापासून विद्यार्थ्याच्या खाती चढते. आईवडिलांवर अवलंबून असलेल्या विद्यार्थ्याला पहिल्या वर्षी साडेपाच हजार आणि पदवी होईपर्यंत सर्व मिळून ३१,००० डॉलर, याहून अधिक कर्ज मिळत नाही. शिक्षण संपल्यावर सहा महिने हप्त्याला सवड असते. मिळकतीच्या प्रमाणात हप्ता भरण्याच्या योजना आहेत, आणि त्यांत ठरावीक वर्षांनी उरलेले देणे माफ होते. कर्जदार मरण पावला किंवा कायमचा अपंग झाला तर कर्ज रद्द होते.

खासगी कर्जात यांतले जवळजवळ काहीच हक्काने मिळत नाही. बँक पत पाहते. अठरा वर्षांच्या मुलाला पत कोठली? म्हणून बाप, आई किंवा मामा जामीनदार म्हणून सही करतो, आणि त्या सहीने तो मुलाइतकाच ऋणको होतो. व्याजाचा दर जामीनदाराच्या सांपत्तिक स्थितीवर ठरतो, म्हणजे गरिबाला अधिक. पुष्कळ कर्जांत तो बदलता असतो. शिक्षणाच्या काळातले व्याज बहुधा मुद्दलात मिळवले जाते आणि पुढे व्याजावर व्याज चढते. मिळकत घटली तर हप्ता घटेल असा कायदा नाही. बँकेने मेहेरबानी केली तर काही महिने सूट. विद्यार्थी मरण पावला तरी जामीनदाराकडून वसुली झाल्याची प्रकरणे एवढी गाजली की २०१८ साली कायदा करून नव्या कर्जांपुरता जामीनदाराला त्यातून मोकळा करावा लागला.

एक हिशेब करून पाहा. ३०,००० डॉलरांचे कर्ज शेकडा साडेसहा दराने दहा वर्षांत फेडायचे तर महिन्याचा हप्ता सुमारे ३४१ डॉलर, आणि एकूण फेड जवळजवळ ४१,००० डॉलर. तेच कर्ज शेकडा १२ दराने घेतले तर हप्ता ४३० आणि एकूण फेड साडेएक्कावन्न हजारांवर. पण मला हा फरक मुख्य वाटत नाही. साडेसहा दराने त्या कर्जाचे महिन्याचे नुसते व्याजच १६२ डॉलर होते. मिळकत तुटपुंजी म्हणून ज्याला महिना शंभरच भरता येतात तो वर्षानुवर्षे इमाने भरत राहतो आणि देणे वाढतच जाते. अशी असंख्य माणसे अमेरिकेत आहेत. म्हणून कर्ज समोर आले की पहिला प्रश्न व्याजाचा विचारू नये. मिळकत बुडाली तर भार कोणी सोसायचा, हे विचारावे. अनुदानात तो सगळा समाज सोसतो. सरकारी कर्जात काही अंशी समाज, काही अंशी विद्यार्थी. खासगी कर्जात विद्यार्थी आणि त्याचा जामीनदार, दुसरे कोणी नाही.

याच कसोटीवर दिवाळखोरीच्या कायद्याची हकीकत पाहण्याजोगी आहे. व्यापाऱ्याचे दिवाळे निघाले तर न्यायालयात जाऊन देणेकऱ्यांच्या जाचातून सुटण्याची सोय अमेरिकेत आहे, आणि ती उदारपणाची समजली जाते. विद्यार्थ्यालाही ती होती. १९७६ च्या दुरुस्तीने फेड सुरू झाल्यापासून पाच वर्षे ती वाट अडवली. १९९८ साली सरकारी कर्जापुरती ती जवळजवळ बंदच झाली. आणि २००५ साली खासगी बँकांच्या कर्जालाही तेच कवच मिळाले. अवाजवी हालअपेष्टा सिद्ध करणे एवढाच अपवाद उरला, आणि न्यायालयांनी त्याची कसोटी फार कडक ठेवली. आपल्या भाषेत नादारी या शब्दाला दोन अर्थ आहेत. गरीब विद्यार्थ्याला शाळेत फी माफ होई तीही नादारी, आणि दिवाळे जाहीर करणे तीही नादारी. अमेरिकन विद्यार्थ्याला या दोन्ही नादाऱ्या नाकारल्या गेल्या. फ्रीडमन यांना जी अडचण दिसली होती, की माणूस तारण ठेवता येत नाही, ती या कायद्याने अशी दूर केली : माणसाचे आयुष्यभराचे वेतनच तारण घेतले.

आणि येथे सरकारचे गुणगान करणाऱ्या आपल्यातील काही मित्रांना एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. वसुलीच्या बाबतीत सरकारी सावकार खासगी सावकाराहून कठोर आहे. खासगी बँकेला न्यायालयात जाऊन हुकूमनामा आणावा लागतो, आणि तिच्या दाव्याला मुदतीचा कायदा लागू असतो. सरकारी कर्जाला १९९१ पासून मुदतच नाही. हप्ते थकले तर न्यायालयाची पायरी न चढता सरकारला पगाराचा शेकडा १५ पर्यंतचा भाग कापता येतो, आयकराचा परतावा अडकवता येतो, म्हातारपणीच्या पेन्शनलाही हात घालता येतो. नुसते सरकारी आहे म्हणून ते समाजवादी होत नाही.

तरीही मी सरकारी कर्जाला वेगळे मानतो. त्याच्या अटी कायद्याने ठरतात, आणि कायद्यावर लोकांना झगडता येते. २००७ च्या कायद्याने सार्वजनिक सेवेतल्या शिक्षक, परिचारिका इत्यादींना १२० हप्ते भरल्यावर उरलेले कर्ज माफ करण्याचे वचन दिले. दहा वर्षांनी लोक हक्क मागायला गेले तेव्हा शंभरांतले नव्याण्णव अर्ज फेटाळले गेले : हप्त्याची योजना वेगळी, कर्जाचा प्रकार वेगळा, कागद अपुरा. पण कर्जदारांच्या संघटनांनी हा प्रश्न लावून धरला. कोरिंथियन नावाची नफेखोर महाविद्यालयांची साखळी खोटी आश्वासने देऊन २०१५ साली बुडाली, तिच्या ५,६०,००० विद्यार्थ्यांचे ५.८ अब्ज डॉलर सरकारला २०२२ साली माफ करावे लागले. बायडन यांच्या कारकिर्दीत अशा निरनिराळ्या योजनांखाली ५० लाखांहून अधिक लोकांची १८० अब्ज डॉलरांहून अधिक कर्जे माफ झाली. सरसकट माफीची त्यांची मोठी योजना मात्र ३० जून २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. साथीच्या काळात धंदेवाल्यांना पगारवाटपासाठी दिलेली सुमारे ८०० अब्ज डॉलरांची कर्जे बहुतांशी माफ झाली होती. त्या वेळी कर्जबुडवेपणाची सवय लागेल अशी चिंता फारशी कोणाला वाटल्याचे स्मरत नाही. आपल्याकडेही कारखानदाराचे कर्ज निर्लेखित होते आणि शेतकऱ्याचे माफ होते, असा शब्दाशब्दांत फरक केला जातोच.

आता एका आक्षेपाला उत्तर दिले पाहिजे, कारण तो आपल्याच गोटातूनही येतो. उच्च शिक्षण मोफत करणे म्हणजे मोलमजुरी करणाऱ्याच्या करातून वकिलाच्या मुलाला देणगी देणे नव्हे काय? जेथे विद्यापीठाचे दार सुखवस्तूंनाच उघडे आहे तेथे हा आक्षेप खराच आहे, तो उडवून लावू नये. पण त्यावरचा उपाय दार रुंद करणे आणि चढत्या दराचा आयकर लावणे हा आहे. कराच्या पद्धतीत जो पदवीधर पुष्कळ मिळवील तो पुष्कळ देईल, खेड्यातली शिक्षिका थोडे देईल, बेकार काहीच देणार नाही. कर्जाच्या पद्धतीत काय होते? वकिलाच्या मुलाची फी बाप रोखीने भरतो आणि तो मोकळा होतो. मजुराची मुलगी तीच फी अधिक दहा-वीस वर्षांचे व्याज भरते. एकाच पदवीची किंमत गरिबाला अधिक पडते. पदवीनंतर चार वर्षांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीय पदवीधरांचे सरासरी देणे गोऱ्या पदवीधरांच्या जवळजवळ दुप्पट आढळले आहे, ते यामुळेच. आणि कर्ज थकवणाऱ्यांत मोठमोठी कर्जे घेतलेले डॉक्टर-वकील थोडे असतात. तिथे जास्त भरणा असतो तो पाच-दहा हजार डॉलर घेऊन मध्येच शिक्षण सोडावे लागलेल्यांचा : पदवी नाही, देणे मात्र आहे.

४ जुलै २०२५ रोजी अध्यक्ष ट्रम्प यांनी सही केलेल्या कायद्याने वारे कोठे वाहते ते स्पष्ट केले. पदवीनंतरच्या शिक्षणासाठी पूर्ण खर्चाएवढे सरकारी कर्ज मिळण्याची जी सोय होती ती १ जुलै २०२६ पासून नव्या कर्जदारांना बंद. सर्वसाधारण पदव्युत्तर विद्यार्थ्याला एकूण एक लाख डॉलर, वैद्यक-कायदा यांसारख्या शिक्षणाला दोन लाख, आणि पालकांच्या नावच्या कर्जाला दर मुलामागे ६५,००० डॉलरांची मर्यादा. नव्या हप्तेयोजनेत उरलेले कर्ज माफ व्हायला ३० वर्षे. मर्यादा घातल्याने विद्यापीठे फी उतरवतील असा युक्तिवाद केला जातो, आणि बेसुमार कर्जाने फी फुगते हे अगदीच खोटे नाही. परंतु मर्यादेबरोबर अनुदान वाढवलेले नाही. तेव्हा मधली दरी पुन्हा कोणीतरी भरणार, आणि ते कोणीतरी म्हणजे जामीनदार मागणारी खासगी बँक.

आपल्या घरांचा संबंध नेमका येथे येतो. २०२४-२५ साली अमेरिकेत ३,६३,००० वर भारतीय विद्यार्थी होते; परदेशी विद्यार्थ्यांत सर्वांत अधिक. शिक्षणासाठी गेलेल्या परदेशी विद्यार्थ्याला अमेरिकेचे सरकारी कर्ज मिळत नाही. म्हणजे हप्त्याची सवलत, माफी, अपंगत्वातली सूट, या सर्वांतून आपली मुले पहिल्या दिवसापासून वगळलेली. ती येथील बँकेकडून घर किंवा जमीन तारण ठेवून कर्ज घेतात, नाहीतर वित्तकंपनीकडून चढ्या दराने. या कर्जाची सारी भिस्त तिकडच्या नोकरीवर, आणि ती नोकरी तिकडच्या व्हिसाच्या नियमांवर. सप्टेंबर २०२५ मध्ये एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरांचे शुल्क एका आदेशाने बसले. ज्यांनी त्याआधी साताऱ्यात किंवा लातुरात घर गहाण टाकले होते त्यांना तो आदेश कोणी विचारून काढला नव्हता.

म्हणून कागद घेऊन पालक आले तर त्यांना मुलीला पाठवू नका असे सांगू नका. तो अधिकार आपला नाही. त्यांच्याशेजारी बसून कागद वाचा. दर स्थिर की बदलता, शिक्षणाच्या काळातले व्याज मुद्दलात मिळते काय, नोकरी लागली नाही तर किती महिने सवड, मुलीचे काही बरेवाईट झाले तर जामीनदार सुटतो काय, कर्जाला विमा जोडला असेल तर त्याचा हप्ता कोणाच्या खात्यातून, आणि गहाण पडणाऱ्या घरात दुसऱ्या भावाचा हिस्सा आहे काय. ही उत्तरे सहीपूर्वी लेखी घ्या. विद्यापीठाकडून शिष्यवृत्ती किंवा अध्यापनसाहाय्याचे काम मिळते काय, याची विचारणा कर्जाच्या अर्जाआधी झाली पाहिजे. पुष्कळ घरांत ती होतच नाही.

आणि संघटना म्हणून आपली नजर दिल्लीवर हवी. २०१७ साली स्थापन झालेल्या उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्थेमार्फत केंद्र सरकार विद्यापीठांना इमारती आणि प्रयोगशाळांसाठी कर्ज देऊ लागले. पूर्वी त्या कामाला अनुदान मिळे. कर्जाचा काही भाग संस्थेने आपल्या मिळकतीतून फेडायचा, आणि विद्यापीठाची हुकमी मिळकत म्हणजे फी. नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांतील विद्यार्थ्याला तारण आणि जामीन यांवाचून कर्ज, साडेसात लाखांपर्यंतच्या कर्जाला शेकडा ७५ सरकारी हमी, आणि आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांना व्याजात शेकडा तीन सूट आहे. जामीन मागत नाही ही त्यातली चांगली बाजू मी नाकारत नाही. पण कर्ज बँकेचे, हमी सरकारची, ही रचना तुम्ही आताच ऐकली आहे. तिच्या पाठोपाठ अमेरिकेत अनुदान कसे मागे पडले तेही ऐकले आहे. विद्यापीठाच्या अधिसभेत आपले जे सभासद आहेत त्यांनी येत्या अर्थसंकल्पाच्या बैठकीत दोन आकडे मागावेत : संस्थेने घेतलेल्या कर्जाची फेड कोणत्या खात्यातून होते, आणि गेल्या पाच वर्षांत फीमाफी मिळालेल्या विद्यार्थ्यांची संख्या वर्षावर्षाला किती होती.